बॅच नंबर नसलेला आवाज

मूर्ख माणूस ओळखायला फार अक्कल लागत नाही, असं कात्रीबाईचं म्हणणं होतं. तो चूळ भरायच्या आधी फोन हातात घेतो आणि दात घासायच्या आधी जगाला शहाणं करून सोडतो. तिच्या घरच्या ग्रुपवर असे सतरा जण होते आणि त्यांचा म्होरक्या होता तिचा सख्खा थोरला भाऊ, दादा.

कात्री हे नाव कारखान्यातल्या बायकांनी ठेवलेलं. का, ते तिच्याशी दोन मिनिटं बोलल्यावर कुणालाही कळायचं. घरात मात्र ती धाकटी. सगळ्यांत थोरली ताई, मधला दादा आणि शेंडेफळ ही. शेंडेफळाची पन्नाशी उलटली होती, पण जिभेची धार काही बोथट झाली नव्हती.

दादाने तीस वर्षं एका कचेरीत कारकुनी केली. या तीस वर्षांत एकही फाइल शेवटपर्यंत वाचली नसेल, पण निवृत्त झाल्यावर गडी एकदम वैद्यकशास्त्रात पारंगत झाला. सकाळी सहाला पहिला बार उडायचा. ‘फ्रिजमधलं पाणी पिणाऱ्यांच्या हृदयाभोवती बर्फ जमतो!’ ‘केळ्यावर अंडं खाल्लं, धडधाकट माणूस जागच्या जागी गेला!’ प्रत्येक पोस्टखाली फोटो तोच, एक टक्कल पडलेला माणूस छाती धरून वाकलेला. बिचारा वर्षभर मरत होता. कधी फ्रिजने, कधी केळ्याने, एकदा तर उशाशी ठेवलेल्या मोबाइलने. आणि हे वाचून घरातली शिकली-सवरलेली माणसं हात जोडल्याची चित्रं टाकायची. कात्रीबाईला ती चित्रं पाहूनच मळमळायचं.

तिचं स्वतःचं काम म्हणजे डोळ्यांत तेल घालून बघायचं. औषधांच्या कारखान्यात, पॅकिंगच्या हॉलमध्ये, सरकत्या पट्ट्याशी ती बावीस वर्षं बसत होती. समोरून गोळ्यांच्या स्ट्रिपा जायच्या. एखादा कप्पा रिकामा, एखादी गोळी फुटकी, एखादीवर डाग, की उचल आणि टाक बाजूला. पण तिचा खरा जीव बॅच नंबरवर होता. प्रत्येक स्ट्रिपवर नंबर, तारीख, कुठे बनली ते. उद्या गडबड निघाली तर त्या नंबरावरून माल दुकानांतून परत मागवता येतो. तिच्यासमोर तीनदा तसा परत आला होता, खोकीच्या खोकी.

जेवणाच्या सुट्टीत ती हेच बायकांना सुनावायची. “अगं, चार आण्याच्या गोळीला नंबर असतो, तारीख असते, आणि तुमच्या या पोस्टला काय असतं? कोण बोललं? माहीत नाही. कधी? माहीत नाही. विचारायचं झालं तर कुणाला फोन करायचा? माहीत नाही. आधी घाबरवतात, मग सांगतात दहा जणांना पाठवा. घाबरलं की डोकं चालत नाही, बोट तेवढं चालतं. असली पोस्ट ओळखायला डॉक्टर व्हायला नको, पण बिनडोक असून भागत नाही.”

बायका हसायच्या. पण त्यानंतर तिला कुणी काही विचारायला जायचं नाही, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. आलं असतं तरी तिने फिकीर केली नसती.

मग एका संध्याकाळी दादाने कळस केला. ‘रक्तदाबाच्या गोळ्या म्हणजे निव्वळ धूळफेक! डॉक्टर स्वतः घेत नाहीत! आजच बंद करा!’ खाली तोच टकलू. कात्रीबाई नुकतीच कामावरून येऊन टेकली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने चपलाही न काढता फोन तोंडाशी धरला आणि आवाजी मेसेज सोडला.

“दादा, धन्य आहेस रे बाबा तू! तू इतकं ज्ञान फुकट वाटतोस, तर आज माझ्याकडूनही थोडं घे. मी बावीस वर्षं गोळ्यांच्या कारखान्यात काढली. आतलं काय ते मला विचारा. त्या रक्तदाबाच्या बारीक पांढऱ्या गोळ्या असतात ना, त्यांत औषध-बिषध काही नसतं. भिंतीला लावायचा चुना असतो. चुना संपला की खडू. आम्ही कामगार आमच्या घरच्यांना ती गोळी हातसुद्धा लावू देत नाही. कळलं? आता पाठव हेही तुझ्या त्या येड्यांच्या बाजाराला.”

टोमणा मारताना हसायचं नाही, हे तिचं कसब होतं. आवाज असा ठेवायचा की ऐकणाऱ्याला क्षणभर खरंच वाटावं. स्वतःवर खूश होऊन तिने चपला काढल्या आणि चहा टाकला. ग्रुपवर चार जणांनी हसणारी तोंडं टाकली आणि विषय संपला.

महिन्याभराने एका रविवारी ती ताईकडे गेली. ताई म्हणजे तिची आईच म्हणायची. आई गेली तेव्हा धाकटी सात वर्षांची होती, तिच्या वेण्या घालण्यापासून शाळेच्या फॉर्मवर सही करण्यापर्यंत सगळं ताईने केलं. दोन वर्षांपूर्वी ताईला अर्धांगाचा लहानसा झटका येऊन गेला होता. तेव्हापासून सकाळी दोन गोळ्या, एक रक्तदाबाची आणि एक रक्त पातळ ठेवायची. डॉक्टरने बजावलं होतं, या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. मोतीबिंदूमुळे ताईला वाचता येत नसे. म्हणून घरच्या ग्रुपवर ती नव्हती; कुणी थेट तिच्या फोनवर बोलकं पाठवलं तर तेवढं ऐकायची.

त्या रविवारी ताईने तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

“तुझं कामाचं बरं चाललंय ना गं? कुणी वर बोलावून काही विचारत नाही ना?”

“मला कोण विचारणार? मी काय चोरी केली?”

“तसं नाही. जपून राहा एवढंच. बोलताना जरा मागं-पुढं बघावं.”

“ताई, तूही आता दादासारखी कोड्यात बोलायला लागलीस की काय? एक पुरे आहे घरात.”

ताईने हात सोडला. कात्रीबाईने चहा पिऊन कप विसळला आणि ती निघून आली.

तीन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत लेबलाच्या मशिनवरची बाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली. नवीन होती, महिन्याभरापूर्वी लागलेली. चेहरा उतरलेला.

“कात्रीबाई, तुम्हाला ह्यातलं कळतं म्हणतात. हे जरा बघा ना. माझ्या नवऱ्याने आज सकाळी त्याच्या गोळ्या संडासात ओतल्या.”

कात्रीबाईने डबा बाजूला सारला, तिचा फोन हातात घेतला, चष्मा लावला आणि सगळ्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला घेतलं. “‘औषध कारखान्यातल्या महिलेची खळबळजनक कबुली! डिलीट व्हायच्या आधी ऐका! तीन मिनिटांत दहा जणांना पाठवा!’ घ्या! महिला कोण? नाव नाही. कारखाना कुठला? ‘एक मोठा’. कधीचं? ‘कालचं’. हे ‘कालचं’ वर्षभर कालचंच राहतं बरं का. अगं, हिला बॅच नंबर कुठाय? आणि तुझा नवरा म्हणजे, देवाने डोकं दिलंय ते काय नुसतं केस विंचरायला?”

टेबल खदखदून हसलं. लेबलवाली कानकोंडी झाली. कात्रीबाईने मोठ्या झोकात बटण दाबलं.

“...वर्षं गोळ्यांच्या कारखान्यात काढली. आतलं काय ते मला विचारा...”

आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येत होता, मागे कुणीतरी खोकत होतं. पण ‘औषध-बिषध’ आलं आणि कात्रीबाईने फोन कानाजवळ नेला. चुना आला, खडू आला. ‘घरच्यांना ती गोळी हातसुद्धा लावू देत नाही’ इथे क्लिप संपली. आधीचं ‘दादा, धन्य आहेस’ नाही, नंतरचा येड्यांचा बाजारही नाही.

“अगं बाई,” कॅन्टीनवाली म्हणाली, “ही तर डिट्टो तुमच्यासारखी बोलते.”

“माझ्यासारख्या पन्नास बोलतात,” कात्रीबाई म्हणाली आणि उठली.

फोन लॉकरमध्ये होता. तो काढून मागच्या जिन्यात उभं राहून तिने दादाला लावला. दादा खुशीत होता.

“अगं, तुझा तो टोमणा ना, फार गाजला! बागेतल्या मंडळींना मी स्पीकरवर ऐकवला. काय हसले सगळे. पुढेसुद्धा पाठवणार होतो, पण मला ते जमेना. एक जण उशिरा आला, त्याने म्हणे आपल्या फोनवर भरून घेतला. त्याला जरा कमी ऐकू येतं, घरी नीट ऐकतो म्हणाला.”

“म्हणजे ती फॅक्टरीतल्या बाईची क्लिप तुझ्या त्या बहिऱ्याने काढली तर.”

“कुठली? ती खळबळजनक कबुली? छे छे, ती वेगळी. ती मला बाहेरून आलीय. मी पाठवलीसुद्धा तीस जणांना. तुला सांगतो, ती मात्र खरी वाटते.”

“दादा, तो माझा आवाज आहे! माझा!”

दादा जरा दुखावल्या सुरात म्हणाला, “अगं, पण त्यावर लिहिलं होतं ना, फॅक्टरीतली महिला म्हणून.”

पन्नास वर्षं ज्या बहिणीचा आवाज ऐकला तो या गृहस्थाला ओळखता आला नाही, का, तर वर पाटी दुसरी होती. कात्रीबाईच्या तोंडात एवढ्या शिव्या एकदम आल्या की एकही बाहेर पडेना. आणि तेवढ्यात तिला तीस जणांची यादी डोळ्यांपुढे दिसली.

“तीस जणांत ताई होती?”

“ताईला तर मी सगळ्यांत आधी पाठवली. तिच्याच कामाची नाही का ती?”

ताईला वाचता येत नव्हतं. वर काय पाटी आहे ते तिला दिसलंच नसणार. तिने नुसता आवाज ऐकला असणार, आणि वेण्या घालता घालता ज्या पोरीची बडबड ऐकली तिचा आवाज ताईने पहिल्या शब्दाला ओळखला असणार. बागेतले म्हातारे, बाजारातले, लेबलवालीचा नवरा, या सगळ्यांसाठी ती कुणीतरी बाई होती. ताईसाठी ती धाकटी होती. ‘बोलताना जरा मागं-पुढं बघावं.’ तिने सुपरवायझरला अर्ध्या दिवसाची रजा मागितली, तोंडावरचा मास्क गळ्यातच लोंबत ठेवून रिक्षा पकडली.

ताईची सून बाहेरच्या खोलीत शिलाई मशिनवर बसली होती. “मावशी, या वेळी कशा?” असं ती म्हणेपर्यंत कात्रीबाई आत गेली. ताई खिडकीशी खुर्चीत होती, मांडीवर शेंगांचं ताट. शेंगा सोलते आहे असं वाटत होतं, पण उजवा हात ताटाच्या कडेला नुसता पडून होता.

“ताई, गोळ्या घेतेस ना?”

ताईने दाराकडे पाहिलं. मशिनचा आवाज चालू होता. मग डाव्या हाताने तिने खुर्चीतल्या उशीखालून बटणांचा डबा ओढला. आत बटणांवर गोळ्या होत्या, पांढऱ्या आणि पिवळट. सुनेला संशय येऊ नये म्हणून रोज सकाळी स्ट्रिपमधून काढायच्या आणि तोंडाशी नेऊन डब्यात टाकायच्या, असं तिने बारा दिवस केलं होतं.

“अगं, असं का केलंस? मला विचारायचंस ना!”

“कशी विचारू?” ताईचा शब्द जड येत होता, जीभ तोंडात मावत नसल्यासारखा. “फोनवर विचारलं आणि कुणी ऐकलं तर? तू एवढं आतलं सांगितलंस... तुझी नोकरी जाईल. सूनबाई म्हणाली, हा मावशींचा आवाज वाटतो. मी म्हटलं छे, माझी बहीण नाही ही. शप्पथ घेतली.”

“ताई, मी थट्टा करत होते गं. दादाची.”

“थट्टा?” ताई म्हणाली. तोंडाची उजवी बाजू हलली नाही.

कात्रीबाईने ओरडून सुनेला बोलावलं. सुनेने तो घरचा ग्रुप वर्षापूर्वीच मुका करून ठेवला होता. सतरा जणांत तेवढी एक शहाणी, आणि नेमकी तिनेच मूळ मेसेज ऐकला नव्हता. आता ती काही न विचारता खाली धावली, शेजाऱ्याची गाडी काढायला लावली. दोघींनी मिळून ताईला जिन्यावरून उतरवलं.

इस्पितळात तरुण डॉक्टरीण होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, बोलणं तुटक. रक्तदाब बघून तिने ओठ घट्ट मिटले, ताईला आत पाठवलं आणि दीड तासाने कागद घेऊन बाहेर आली.

“दुसरा झटका आहे. जिवावरचं टळलंय. उजवा हात आणि बोलणं कितपत परत येईल ते आत्ता सांगता येणार नाही. गोळ्या कुणी बंद केल्या?”

“त्यांनीच,” सून म्हणाली. “लपवून.”

“ती फॅक्टरीतल्या बाईची क्लिप?” डॉक्टरीण कडवट हसली. “या महिन्यातल्या तिसऱ्या पेशंट. पहिले गृहस्थ घरी गेले नाहीत. ती बाई मला एकदा भेटायला हवी. तोंड उचकटून वाट्टेल ते बोलायचं आणि आपण मजेत राहायचं. असली माणसं रात्री झोपतात तरी कशी?”

कॉरिडॉरमध्ये कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली. ती बोलली नसती तर इथे कुणाला कळलं नसतं, दादाने आवाजही ओळखला नव्हता. ताईने तर शप्पथ घेतली होती.

“भेटली,” कात्रीबाई म्हणाली. “मीच ती.”

डॉक्टरीणबाईने कात्रीबाईला गळ्यात लोंबणाऱ्या मास्कपासून पायांतल्या कारखान्याच्या रबरी चपलांपर्यंत एकदा न्याहाळलं. तसं बघणं कात्रीबाईला चांगलं माहीत होतं. फुटकी गोळी बाजूला टाकताना ती स्वतः तसंच बघायची.

संध्याकाळी आत सोडलं तेव्हा ताई जागी होती. काहीतरी म्हणत होती, पण शब्द एकमेकांत अडकत होते. कात्रीबाईने कान तिच्या तोंडाशी नेला. ताई पुन्हा म्हणाली, आणि तिसऱ्यांदा कुठे ते कळलं.

“नोकरी... गेली नाही ना?”

कात्रीबाई तिच्या पायांशी बसून हमसाहमशी रडली. नर्सने येऊन दटावलं तेव्हा थांबली.

दुसऱ्या दिवशी तिने नवा मेसेज भरला. स्वतःचं नाव, कारखान्याचं नाव, तारीख, वेळ. ‘ती क्लिप माझी आहे. ते मी माझ्या भावाला मारलेला टोमणा होता. त्यातला एकही शब्द खरा नाही. गोळ्या बंद करू नका, शंका असेल तर डॉक्टरला विचारा. मला विचारायचं असेल तर हा माझा नंबर.’ सगळं होतं त्यात, अगदी बॅच नंबरसकट म्हणावं असं. ग्रुपवर दोन जणांनी हात जोडले. दादाने पुढे कुणालाच पाठवला नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, “अगं, यात लोकांनी ऐकावं असं काय आहे?” बागेतल्या त्या बहिऱ्याला कात्रीबाई स्वतः जाऊन भेटली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, कंपनीवाल्यांनी दबाव आणून तुला हे बोलायला लावलेलं दिसतंय. कारखान्यात तिने आपण होऊन सांगितलं. तिला वर बोलावलं, पट्ट्यावरून काढून खोकी बांधायला बसवलं. लेबलवाली अजून तिच्याशी बोलत नव्हती. जुनी क्लिप दर दोन दिवसांनी कुठून तरी येतच होती, आता टकलूच्या फोटोसकट. गोळ्यांसारखं परत मागवायला त्या क्लिपची खोकीच नव्हती.

पंधरा दिवसांनी ताई घरी आली. उजवा हात अजून गळ्यातल्या पट्टीत होता, बोलणं पुष्कळ सुधारलं होतं. कात्रीबाई सकाळी कामावर जायच्या आधी मुद्दाम तिच्याकडे गेली. स्ट्रिपमधून दोन गोळ्या काढून तळहातावर घेतल्या, पाण्याचा पेला पुढे केला.

“घे, ताई. चांगल्या आहेत.”

ताईने गोळ्यांकडे पाहिलं, मग मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. धूसर दिसत असल्यामुळे तिने चेहरा अगदी जवळ आणला.

“खरं सांगतेयस?”

“खरं गं. तुझ्या गळ्याची शप्पथ.”

“तू थट्टा करतानाही अशीच बोलतेस,” ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती काळजी होती, चुकू नये अशी. “मला कळत नाही गं आता. सूनबाईला बोलाव. ती म्हणाली तर घेते.”

कात्रीबाई तळहात तसाच उघडा धरून दारापर्यंत गेली आणि तिने हाक मारली. मशिन थांबलं, सून आत आली. तिने गोळ्या बघितल्या, स्ट्रिपवरची तारीख वाचली आणि म्हणाली, “बरोबर आहेत, आई. घ्या.”

ताईने डाव्या हाताने गोळ्या उचलल्या आणि गिळल्या.